मुठीत मावणारं हत्यार



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक देवळाच्या मंडपात होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा यायचा होता. आमच्यातली एक जण पिरंगुटला कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. रात्री साडेअकराच्या सुमारास कंपनीची गाडी तिला फाट्यावर सोडते. तिथून वाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी भातखाचरं, मध्ये एक ओढा, दिवा एकही नाही. मागच्या पंधरवड्यात दोन पोरं मोटरसायकलवरून तिच्या मागं मागं आली. ती मला म्हणाली, "बाई, बायकांसाठी छोटं रिव्हॉल्व्हर निघालंय म्हणे, पर्समध्ये मावतं. गटानं कर्ज दिलं तर घ्यावं का? आणि घ्यायचं तर कसलं घ्यावं?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कोणी काही विचारलं की माझं डोकं आधी मागं जातं. हा प्रश्न काही नवा नाही. लहान, लपवता येणारं हत्यार कोणतं घ्यावं, त्याचा सराव कुठे करावा, आणि ते वापरल्यावर पुढे काय, हे प्रश्न आपल्या मुलखात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही लोकांना पडले होते. आज तेच सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सिनेमात आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो, पण प्रकार दोन. रिव्हॉल्व्हरला मधे एक गोल फिरकी असते, तिच्यात बहुधा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की फिरकी एक घर पुढे सरकते, घोडा आपटतो आणि गोळी सुटते. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर येतं. साधी, भरवशाची रचना. पण त्या गोल फिरकीमुळे ते जाड असतं, कपड्याखाली फुगवटा दिसतो. दुसरं पिस्तूल. त्यातली काडतुसं मुठीच्या आत एकावर एक रचलेली असतात, म्हणून ते चपटं असतं. लपवायला सोपं, पण हाताळणं शिकावं लागतं, आणि काडतूस अडकलं तर ते मोकळं करण्याची सवय हवी.

आता मागं जाऊ. आपला मुलूख मावळ्यांचा. कोरीगड, घनगड आपल्याच तालुक्यात उभे आहेत. इथल्या घरात तलवार किंवा भाला असणं यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांना या हत्यारांची धास्ती बसली आणि 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. गोऱ्या लोकांना मात्र त्यातून सूट होती. खरं दुखणं ते होतं. बंदी एका रंगाला होती, दुसऱ्याला नव्हती. अहिंसेचं व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा या कायद्याला इंग्रजी राज्याच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरलं. 1931 च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही लिहिला होता. पुढे घटनेत मात्र तो हक्क आला नाही.

परवाना मिळत नाही म्हटल्यावर हत्यार चोरवाटेनं येऊ लागलं. नाशिकची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. आणणारा होता चतुर्भुज अमीन, तिथल्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी. पेटीला खोटा तळ केला होता, त्यात ती बसवली होती. हे ऐकताना माझ्या मनात नेहमी येतं की वीस रिव्हॉल्व्हर त्या जागेत मावली असती का? ब्राउनिंग चपटं, म्हणून ते पेटीच्या तळाशी बसतं आणि कोटाच्या खिशातही बसतं. त्यातल्याच एका पिस्तुलानं 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला मारलं. नाटकाला जमलेल्या गर्दीतून तो पुढे गेला, कुणाला संशय आला नाही. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झालं. कान्हेरेनं नुकती अठरा वर्षं पुरी केली होती.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथं संपते. मी वर्गात थोडं पुढे सांगत असे. बाबाराव सावरकरांना जन्मठेपेवर अंदमानला धाडलं होतं. त्यांच्या पत्नी येसूवहिनी मागं राहिल्या. सरकारनं चीजवस्तू जप्त केली, लोक दारात उभं करायला घाबरत. 1919 साली त्या वारल्या, नवऱ्याचं तोंड पुन्हा दिसलं नाही. पिस्तूल कुणी उचललं, कुणी झाडलं, ते सगळं नोंदलेलं आहे. त्यानंतर घराघरात बायकांनी काय सोसलं त्याची वही कुणी ठेवली नाही.

आता आपल्या मुळशीकडे येऊ. टाटा कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती. त्यासाठी मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं. पन्नासहून जास्त गावं पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोराची खाचरं, घरं, देवळं, सगळं. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. हातात काठी नव्हती. या सत्याग्रहात बायाही होत्या, आणि तुरुंगातही गेल्या. जाईबाई भोई हे नाव त्या हकिगतीत येतं. माझी इच्छा आहे की आपल्या प्रत्येक गटानं ते नाव एकदा तरी मोठ्यानं उच्चारावं, कारण आपल्या शाळांच्या भिंतींवर ते नाही.

या लढ्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, जन्म 1880 चा. शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला शिकायला गेले, एडिंबरोत अभ्यासाबरोबर रायफल क्लबात नेमबाजी शिकले. पुढे पॅरिसला जाऊन बाँब बनवण्याची कृती मिळवून आणली. परत आल्यावर हाच माणूस पारनेरात रोज सकाळी हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. मुळशीनं त्यांना सेनापती केलं, आणि तीच पदवी त्यांना जन्मभर चिकटली.

सत्याग्रह लांबत गेला. काही महिने थांबला, पुन्हा सुरू झाला. पुण्याचे पुढारी एकेक करून बाजूला झाले. सावकारांना जमिनीची किंमत हवी होती, कुळांना जमीन हवी होती, तिथंही फूट पडली. धरणाची भिंत मात्र वर चढत होती. 1924 च्या डिसेंबरात बापट आणि थोडे सोबती कामाच्या रेल्वेवर गेले. रुळांवर दगड रचले, गाडी अडवली. हातात तलवार आणि पिस्तूल. नेमबाजी शिकलेला माणूस, त्याला मारायचंच असतं तर अवघड नव्हतं. मेलं कोणी नाही. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, सिंध-हैदराबादच्या तुरुंगात. धरण पुरं झालं. आज ते पाणी आपण रोज बघतो.

मला विचाराल तर 1921 च्या रामनवमीला काम खरंच बंद पडलं होतं. हजार माणसं बसली म्हणून पडलं. 1924 ला पिस्तूल दाखवल्यावर गाडी थांबली ती तेवढ्यापुरती. पण बापटांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सगळे निघून गेल्यावर जो एकटा उरतो, त्याच्या हातात हत्यार येतं. आमच्या गटातल्या त्या बाईचंही तेच झालं होतं. रात्री साडेअकरा वाजता त्या रस्त्यावर ती एकटीच असते.

आणखी एक पुण्याची गोष्ट, फक्त हत्याराच्या अंगानं. 22 जुलै 1931 ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळी झाडली. हॉटसन वाचला. त्याच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली. हात लावता येईल इतक्या जवळून झाडूनही असं झालं. म्हणून कुणी म्हटलं की हत्यार हातात आलं की काम झालं, तर हे पाकीट आठवायचं.

त्याच वर्षी बंगालात बायकांच्या, खरं तर मुलींच्या हाती रिव्हॉल्व्हर आलं. कोमिला गाव, आज ते बांगलादेशात आहे. 14 डिसेंबर 1931 ला शांती घोष आणि सुनीती चौधरी या शाळकरी मुली मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. एक पंधराची, दुसरी चौदाची. पोहण्याच्या शर्यतीचा अर्ज घेऊन आलोय, असं त्यांनी सांगितलं. स्टीव्हन्स बाहेर आला आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. तो मेला, मुलींना जन्मठेप झाली. सुनीतीची हकीकत सांगतात ती मी कधी विसरले नाही. तिचं बोट एवढं लहान की तर्जनी चापापर्यंत पोचेना. म्हणून मधल्या बोटानं चाप ओढायचा सराव तिनं केला. आपल्या पोरींचे हात डोळ्यापुढे आणा. ते हत्यार पुरुषाच्या पंजाच्या मापानं बनलेलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत, 6 तारखेला, कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दासनं गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर कमला दासगुप्तांनी 280 रुपयांना मिळवून दिलं होतं. गव्हर्नरला एकही गोळी लागली नाही. बीनाला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. चोरून ठेवलेल्या हत्याराचा सराव करायचा कुठे? एकेक काडतूस सोन्याच्या मोलाचं, आणि आवाज झाला की पोलीस दारात. लपवण्यासाठी निवडलेल्या हत्याराची ही जुनीच अडचण आहे. जे लपतं त्याचा सराव होत नाही.

हे फक्त जुन्या काळाचं नाही. हत्याराच्या घडणीतच ते आहे. नळी जितकी आखूड, तितकी नेमाची दोन टोकं जवळ येतात, म्हणजे हाताची जरा थरथर झाली की गोळी भलतीकडे. हत्यार जितकं हलकं, तितका मागचा धक्का जास्त. जड मुसळ स्थिर पडतं, हलकं हातात उसळतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निशाण्याच्या खेळाला लांब नळी, भरदार वजन आणि हाताला बसणारी मूठ लागते. पर्ससाठी याच्या अगदी उलट. पर्समध्ये मावणारं आणि निशाण्याला नीट बसणारं असं एकच हत्यार मागणं म्हणजे एकाच बैलानं नांगरही ओढावा आणि शर्यतही मारावी असं म्हणणं.

आता त्या 'बायकांच्या रिव्हॉल्व्हर'कडे येते. स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा हत्यार कायदा झाला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. लष्कर आणि पोलीस वापरतात त्या मापाची हत्यारं सामान्य माणसाला मिळत नाहीत, म्हणून परवानाधारकांकडे बहुधा 32 बोअरचं रिव्हॉल्व्हर दिसतं. 32 बोअर म्हणजे नळीचं भोक इंचाच्या शंभर भागांपैकी 32 भाग, साधारण आठ मिलिमीटर. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत त्या मुलीवर अत्याचार झाला आणि सारा देश हलला. त्यानंतर जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. 32 बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्र धातूचं, वजन अर्धा किलो. दागिन्यांना असते तशी मखमली पेटी. तेव्हा किंमत होती 1,22,360 रुपये.

मी हा आकडा सांगितला तेव्हा मंडपात कोणी बोललं नाही. दुसऱ्या पाळीवाल्या बाईनं बोटं मोजली आणि म्हणाली, "माझा वर्षाचा पगार जातो की." मखमली पेटीचं मला तेव्हाही हसू आलं होतं, आजही येतं. सुनीतीच्या काळी बाईच्या हाताला हत्यार मोठं होतं. आता ते हाताच्या मापाचं केलं, पण बहुतेकींच्या घामाच्या पैशाला ते पोचत नाही. रात्री साडेअकराला फाट्यावर उतरणारी बाई तो कागद करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे नव्हतीच.

पैसे असले तरी पुढे परवाना आहे. वय 21 पुरं हवं. पौड पोलिसांच्या हद्दीत राहणाऱ्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, हिंजवडी-बावधनकडे आयुक्तालयाची हद्द आहे, तिथं पोलीस आयुक्तांकडे. कशासाठी हवं ते पटवावं लागतं. पोलीस गावात येऊन चौकशी करतात, हत्यार सुरक्षित हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली. बाहेर नेताना ते झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं, चारचौघांत दाखवायचं नाही. निवडणूक आली की अनेकांना पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आणि तो स्वस्तातला गावठी कट्टा, जो कुणीतरी कुणाच्या ओळखीनं देतो म्हणतो? त्याचं नावही काढू नका. विनापरवाना हत्याराला आता निदान दोन वर्षांची कैद आहे. शिवाय तो हातातच फुटतो, चालवणाऱ्याची बोटं जातात.

चारचौघांत दाखवायचं नाही म्हटलं, त्याचं कारण आपल्याच तालुक्यात घडलंय. 2024 च्या जुलैत मुळशीतल्या एका जमिनीच्या वादाचा व्हिडिओ साऱ्या राज्यानं फोनवर बघितला. शेतकऱ्यांपुढे पिस्तूल घेतलेली एक बाई. पौडला गुन्हा दाखल झाला, अटक झाली. प्रकरण न्यायालयाचं आहे, मी नाव घेत नाही. पण तो व्हिडिओ बघताना मला 1921 आठवलं. तेव्हाही वाद जमिनीचाच होता. आणि आजही आपल्याकडे हत्याराची हौस वाढते ती जमिनीचे भाव चढलेल्या गावांतच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे आपण बघतो. त्यालाही आता शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड.

एक गोष्ट बैठकीत कोणी उघड बोललं नाही, चहाच्या वेळी एका वहिनीनं माझ्या कानात सांगितली. "बाई, हत्यार पर्समध्ये असलं तरी रात्री ते घरातच येणार ना? माझ्या घरात दारू आहे. मला रस्त्यापेक्षा घराचं भय जास्त." तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. मी तिचा हात धरून बसले.

नेमबाजीचं मात्र वेगळं आहे, तिथं मी पोरींना ढकलीन. म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडा संकुल आपल्या शेजारी, 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. तिथं नेमबाजीचं मैदान आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेऊन आली, नेमबाजीत असं सोनं जिंकणारी पहिली भारतीय बाई. शिकणारी मुलं बहुतेक दहा मीटरवर, एअर पिस्तुलानं सुरुवात करतात. त्यात दारू नाही, हवेच्या दाबानं छर्रा सुटतो. तासन् तास एका हातानं ते तोलून धरायचं, श्वास आवरायचा, चाप हळू दाबायचा. तिथं काही लपवायचं नसतं, म्हणून सराव होतो.

बैठक संपता संपता दुसऱ्या पाळीवालीनं पुन्हा विचारलं, "मग मी काय करू?" रिव्हॉल्व्हर घेऊ नको असं मी तिला म्हटलं नाही, तिचा जीव आहे, तिचा निर्णय आहे. मी एवढंच विचारलं की त्या अंधारात, मागून मोटरसायकल येत असताना, पर्सची चेन उघडून हात आत जाईपर्यंत किती वेळ लागेल? तिनं तिथंच पर्स घेऊन करून बघितलं. डबा, रुमाल, किल्ली, फोन. बाकीच्यांनी मोठ्यानं आकडे मोजले. अकरापर्यंत गेले.

मग गटानं दोन अर्ज लिहिले. एक कंपनीला, की रात्रीची गाडी फाट्यावर न सोडता वाडीपर्यंत आणावी. दुसरा ग्रामपंचायतीला, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. त्याच्यावर बावीस जणींच्या सह्या होत्या, अंगठे तीन. 112 हा पोलिसांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये पहिल्या जागी घातला. तोवर तिच्या पाळीच्या दोघी तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत येतात आणि पलीकडून तिची सासू बॅटरी घेऊन उभी राहते. सासू सत्तरीची आहे, हातात काठी असते.

कंपनीची गाडी गेल्या सोमवारपासून वाडीला येते. ग्रामपंचायतीनं रस्त्याला चार खांब रोवलेत, दिवे अजून यायचेत.